राजापूरच्या सड्यावरचा फ्युएल सेल: आधार-कार्बन कशानं झिजला

राजापूर तालुक्यात खाडीच्या वर जांभ्याचा एक उघडा सडा आहे. तिथं मोबाइलचा मनोरा, पायथ्याशी उपकरणांची केबिन आणि शेजारी जाळीच्या कुंपणात हायड्रोजनचे सिलिंडर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून उत्तरेला गेलं. झाडं पडून रस्ते बंद, वीज बंद, डिझेल पोचत नाही आणि गरजेच्या वेळी फोन मुके, हे किनाऱ्यानं लागोपाठ दोनदा पाहिलं. त्यानंतर या मनोऱ्यावर डिझेल जनित्राच्या जागी ५ किलोवॅटचा फ्युएल सेल बसवला गेला. हायड्रोजन आणि साध्या हवेवर चालणारा, प्रोटॉन वाहणाऱ्या पातळ पडद्याचा, सत्तरेक घटांचा स्टॅक.

दुसरा पावसाळा सरता सरता तो भार पेलेनासा झाला. हलक्या भाराला बरा चाले. सगळी उपकरणं आणि वातानुकूलन एकदम सुरू झालं की व्होल्टेज कोसळे आणि नियंत्रक स्टॅक बंद करून टाकी. पुरवठादारानं हजारो तासांचं आयुष्य सांगितलं होतं, आणि प्रत्यक्ष चालू तास त्याच्या जवळपासही पोचले नव्हते. मी विद्युत-रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून मला बोलावणं आलं. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाल्यापासून किनाऱ्यावरच्या शीतगृहांकडून आणि कारखान्यांकडून अशा संचांबद्दल विचारणा होते. त्यांच्यापैकी कुणावर हीच वेळ येऊ नये, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर

कोकणात काहीही बिघडलं की पहिलं नाव खाऱ्या वाऱ्याचं निघतं, आणि ते उगाच निघत नाही. केबिनच्या कड्या गंजलेल्या, पंख्याच्या जाळीवर पांढरट थर, जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा गंज. पुरवठादाराचंही म्हणणं तेच होतं: समुद्राची हवा आत गेली, मिठानं उत्प्रेरक मेला, हमी लागू नाही.

मीठ फ्युएल सेलला घातक असतं, यात शंका नाही. सोडियमचे आयन पडद्यात शिरले की प्रोटॉनची जागा अडवतात, पडद्याची वाहकता घटते. क्लोराइड हे उत्प्रेरकाला, म्हणजे प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला, चिकटतं, ऑक्सिजनची अभिक्रिया मंद करतं आणि प्लॅटिनम विरघळायलाही मदत करतं. पण या दोन्ही गोष्टी मागे खूण ठेवतात, आणि ती खूण शोधता येते. पडद्यात सोडियम साचलं असेल तर स्टॅकचा उच्च वारंवारतेला मोजलेला रोध वाढलेला दिसायला हवा. तो नव्या स्टॅकच्या नोंदीपेक्षा फारसा हललेला नव्हता. हवेच्या बाजूनं बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. क्लोराइड असतं तर पाणी पांढरट गढूळ झालं असतं, ते स्वच्छच राहिलं. हवेचा फिल्टर मात्र मिठानं भरलेला होता. म्हणजे त्यानं आपलं काम चोख केलं होतं.

दुसरा संशय हायड्रोजनच्या शुद्धतेचा. वाहनांसाठीच्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएमच्या वर चालत नाही, इतका तो प्लॅटिनमला बाधतो. पण ती बाधा बरीचशी उलटवता येते. शुद्ध वायू दिला की घट सावरतो. इथं नवे सिलिंडर लावून काहीच फरक पडला नाही. पडद्याला छिद्र पडलं असेल तर हायड्रोजन पलीकडे झिरपताना मोजता येतो. तेही नव्हतं.

मग मी नोंदी मागितल्या. चालू तासांचा आकडा सगळे पाहत होते. नियंत्रकात दुसराही एक आकडा होता, किती वेळा सुरू झाला याचा, आणि तो भलताच मोठा निघाला. मनोरा सांभाळणाऱ्या तरुण तंत्रज्ञाला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, पावसात लाइट दिवसातनं किती वेळा जाते, हे मोजायचं सोडलंय आम्ही. गेली की हे चालू, आली की हे बंद."

नियंत्रक तसाच बसवलेला होता. वीज गेल्याबरोबर स्टॅक सुरू, वीज परतल्याबरोबर बंद. पावसाळ्यात दिवसाला सरासरी दहा वेळा धरलं, तरी चार महिन्यांत बाराशे वेळा.

सुरू होण्याच्या त्या क्षणी काय होतं

फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम दोन ते पाच नॅनोमीटरच्या कणांत असतं, आणि ते कण कार्बनच्या बारीक पुडीवर बसवलेले असतात. हाच आधार-कार्बन. प्लॅटिनमला पसरून धरणं, इलेक्ट्रॉन वाहून नेणं, वायूला आत आणि पाण्याला बाहेर वाट देणं, ही सगळी कामं त्याचीच. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ यानातून फ्युएल सेल पहिल्यांदा अवकाशात गेले. त्या पिढीतले घट नुसत्या प्लॅटिनमच्या काळ्या पुडीवर चालत, आणि ते जमिनीवर कुणाला परवडण्यासारखं नव्हतं. कार्बनवर पसरलेलं प्लॅटिनम आणि त्यात मिसळलेला प्रोटॉनवाहक आयनोमर, या जोडीनं १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत प्लॅटिनमची गरज चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅमवरून ०.४ वर आणली. आजचा प्रत्येक व्यवहार्य संच या कार्बनवर उभा आहे, आणि त्याच्याबद्दल खरेदीच्या वेळी कुणी एक प्रश्नही विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या कार्बनची अडचण रसायनशास्त्रातच आहे. कार्बन आणि पाणी मिळून कार्बन डायऑक्साइड होण्याचं प्रमाण विभव, म्हणजे ज्याच्या वर ही अभिक्रिया होऊ शकते ते व्होल्टेज, अवघं ०.२०७ व्होल्ट. घट चालतो तेव्हा हवेच्या बाजूचा धन ध्रुव ०.६ ते ०.८ व्होल्टवर असतो. म्हणजे हिशेबानं कार्बन सतत जळायलाच हवा. तो टिकतो तो केवळ ही अभिक्रिया अतिशय मंद आहे म्हणून. विभव १ व्होल्टच्या वर गेलं की ही मंदपणाची ढाल निकामी होत जाते, आणि शेजारी बसलेलं प्लॅटिनम अभिक्रियेला आणखी गती देतं.

चालू घटात १ व्होल्टच्या वर जायचं कारण नसतं. सुरू होताना मात्र असतं. स्टॅक बंद पडून राहिला की हायड्रोजनच्या बाजूलाही हळूहळू हवा भरते. पुन्हा सुरू करताना हायड्रोजन एका टोकानं शिरतो आणि हवेला पुढे ढकलत जातो. तेवढा वेळ एकाच घटात दोन भाग असतात: अलीकडे हायड्रोजन पोचलेला, पलीकडे अजून हवाच. अलीकडचा भाग नेहमीसारखा घट म्हणून काम करतो आणि घटाला लागून असलेल्या सबंध पट्टीवर व्होल्टेज उभं करतो, कारण पट्टी धातूची किंवा ग्राफाइटची, सलग वाहक. पलीकडच्या भागात हायड्रोजन नाही, पण ते व्होल्टेज त्यालाही लागू होतं. तिथं ऋण बाजूला, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूला, उरलेल्या हवेतला ऑक्सिजन प्रोटॉन मागतो. ते येणार समोरच्या धन ध्रुवाकडून, आणि त्याच्याकडे द्यायला दोनच गोष्टी आहेत: पाणी फोडणं आणि कार्बन जाळणं. त्या जागी धन ध्रुव सुमारे १.५ व्होल्टपर्यंत चढतो. ही यंत्रणा २००५ साली युनायटेड टेक्नॉलॉजीजच्या फ्युएल सेल विभागातल्या संशोधकांनी मांडली. बाहेरून मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, टोकांवरचं व्होल्टेज साळसूदपणे नेहमीच्या मर्यादेत राहतं.

हा वेळ किती? हायड्रोजन किती जोरात सोडला त्यावर सेकंदाचा काही भाग किंवा काही सेकंद. क्षुल्लक वाटतो. पण आधार-कार्बनाची अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची त्वरित चाचणी पाहा: १.० ते १.५ व्होल्टमध्ये सेकंदाला अर्धा व्होल्ट या वेगानं वर-खाली, ५,००० फेऱ्या. एक फेरी दोन सेकंदांची, म्हणजे सगळी चाचणी १०,००० सेकंदांत, तीन तासांच्या आत संपते. साधा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी कार्बनची पूड, एवढ्यात पार ढासळू शकतो. सड्यावरच्या स्टॅकनं दोन पावसाळ्यांत असे किती सेकंद भोगले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पुरावा

अंदाजावर पुरवठादार ऐकणार नव्हता, म्हणून थेट पुरावा हवा होता. कार्बन जळत असेल तर हवेच्या बाजूनं कार्बन डायऑक्साइड निघणारच. बाहेरच्या हवेतलाच वायू मोजला जाऊ नये म्हणून आत जाणारी हवा कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा-लाइमच्या डब्यातून घेतली आणि निकासावर अवरक्त किरणांचा साधा मापक लावला. स्टॅक सुरू केला. पहिल्या क्षणांत काटा उसळला आणि मग खाली बसला.

एवढ्यावर थांबलो नाही. थोड्याच वेळासाठी बंद करून, म्हणजे आत अजून हायड्रोजन असतानाच, पुन्हा सुरू केला, तेव्हा उसळी नगण्य होती. बराच वेळ बंद ठेवून, आत हवा भरू देऊन सुरू केला, की उसळी परत मोठी. मिठामुळे असा कार्बन डायऑक्साइड निघत नाही, आणि तो हवा भरण्याच्या वेळेनुसार कमी-जास्त तर मुळीच होत नाही. माझ्या दृष्टीनं प्रकरण इथंच उलगडलं.

पुढे स्टॅक उघडून काही घटांचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले, त्यानं बाकीचं चित्र पूर्ण झालं. प्लॅटिनमचं वजन जवळपास शिल्लक, पण अभिक्रियेला उपलब्ध क्षेत्रफळ खूप घटलेलं: पायाखालचा कार्बन गेल्यामुळे कण सुटून एकमेकांना चिकटले होते. चक्रीय व्होल्टॅमेट्रीत, म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवत प्रवाह मोजला तेव्हा आलेखात, ०.६ व्होल्टच्या आसपास एक बसकी टेकडी उमटत होती, ती कार्बनच्या पृष्ठभागावर तयार झालेल्या क्विनोन या ऑक्सिजनयुक्त गटांची. असा ऑक्सिडाइज झालेला कार्बन पाणी धरून ठेवतो. जड भाराला पाणी जास्त तयार होतं, छिद्रं तुंबतात, ऑक्सिजन आत पोचत नाही आणि व्होल्टेज कोसळतं. हलक्या भाराला ठीक आणि जड भाराला कोसळणं, या मूळ तक्रारीचा उलगडा तो हा. आडव्या छेदात धन बाजूचा उत्प्रेरकाचा थर हायड्रोजनच्या बाहेर पडण्याच्या टोकाकडे सर्वांत पातळ झालेला होता. सुरू होताना हायड्रोजन सर्वांत उशिरा तिथंच पोचतो.

खाऱ्या वाऱ्याचा हात यात होताच, पण वेगळ्या जागी. पावसाळ्यात झाडाच्या फांद्या तारांना लागतात, आणि इन्सुलेटरवर बसलेलं मीठ दमट हवेत ओलं होऊन त्यावरून वीज झिरपते. फीडर ट्रिप होतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा ट्रिप होतो. ज्या चक्रीवादळांच्या भीतीनं हा संच घेतला, ती त्याला सोपी आहेत: एकदा सुरू करा आणि कित्येक दिवस चालवा. श्रावणातली रिपरिप आणि मिनिटामिनिटाला जाणारी लाइट, हे त्याला जड.

कोणता कार्बन घ्यायचा

नवा स्टॅक घ्यायचं ठरलं तेव्हा पुरवठादारानं सुधारित म्हणून जो पर्याय पुढे केला, त्याचं वैशिष्ट्य होतं जास्त पृष्ठफळाचा कार्बन. मला तो या जागेसाठी सरळ चुकीचा वाटला, आणि तसं मी लेखी दिलं.

कारण असं. नेहमीच्या वापरातल्या व्हल्कन एक्ससी-७२ या कार्बन ब्लॅकचं पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे २५० चौरस मीटर. केटजेनब्लॅकच्या एका प्रकाराचं सुमारे ८००. जास्त पृष्ठफळावर प्लॅटिनम अधिक बारीक पसरतं आणि नवेपणी घट अधिक वीज देतो, हे खरं. पण ते पृष्ठफळ येतं ते अव्यवस्थित रचनेतून, मोकळ्या कडांतून, दोषांतून, आणि ऑक्सिडेशन सुरू होतं तेही नेमकं तिथूनच. उलट कार्बन ब्लॅक २,५०० अंश सेल्सियसच्या वर तापवून ग्राफाइटी केला की कडा मिटतात, थर नीट लागतात आणि तो १.५ व्होल्टचे झटके कितीतरी अधिक सोसतो. किंमत अशी मोजावी लागते की पृष्ठफळ खूप उतरतं, प्लॅटिनमला बसायच्या जागा कमी होतात, कण थोडे मोठे राहतात आणि तेवढ्याच कामाला प्लॅटिनम जरा जास्त लागतं. मोटारीसाठी हा सौदा वेगळा ठरू शकतो, कारण तिथं प्रत्येक ग्रॅम प्लॅटिनमचा हिशेब असतो आणि नियंत्रण यंत्रणा महागडी, काटेकोर असते. राखीव विजेच्या संचाचं आयुष्य तासांपेक्षा सुरू-बंद होण्यावर ठरतं. तिथं ग्राफाइटी कार्बनच घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

टायटॅनियम किंवा कथिलाच्या ऑक्साइडसारखे कार्बनरहित आधारही आहेत. ते गंजत नाहीत, पण बहुतेकांची वाहकता अपुरी पडते. बाजारातून सहज घेण्याजोगा तो पर्याय मला इथं नव्हता. कार्बन नॅनोट्यूबचंही किमतीमुळे तेच.

एक प्रश्न मात्र मनापासून विचारला गेला आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सड्याची जागा ज्यांची, त्या काकांची खाली नारळाची वाडी आहे. ते म्हणाले, "करवंट्यांचे ढीग पडलेत आमच्याकडे. करवंटीचा कोळसा पाण्याच्या फिल्टरला चालतो, मग ह्याला का नाही?" करवंटीच्या सक्रिय कोळशाचं पृष्ठफळ ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या पुढे जातं. नुसत्या आकड्यावर तो व्हल्कनला चौपट मागे टाकतो.

अडचण छिद्रांच्या मापाची आहे. करवंटीच्या कोळशातली बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरपेक्षा लहान. जांभ्याच्या चिऱ्याला मोठी भोकं असतात म्हणून पाणी त्यातून वाहतं. त्याच चिऱ्यात तेवढीच पोकळी केसासारख्या चिरांत वाटली, तर तो पाणी नुसतं शोषून बसेल. इथंही तसंच. आयनोमर त्या बारीक छिद्रांत शिरू शकत नाही, ऑक्सिजन नीट पोचत नाही, आणि तिथं बसलेलं प्लॅटिनम वाया जातं. हवी असतात ती मध्यम छिद्रं, तोंडाशी चार ते सात नॅनोमीटरची: आयनोमर बाहेर राहील, पण ऑक्सिजन आणि प्रोटॉन आत जातील इतपत. शिवाय करवंटीच्या राखेत पोटॅशियम असतं, तेही सोडियमसारखंच पडद्यात जागा अडवतं. आम्लानं धुऊन ते बरंचसं काढता येतं, पण धुण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर क्लोराइड मागे राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

आणि सर्वांत मोठी अडचण धुऊन जाणारी नाही. हा कोळसा तापवून ग्राफाइटी करावा म्हटलं तर तो होत नाही. रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ साली क्ष-किरणांच्या आधारे दाखवलं की कार्बनाची दोन कुळं आहेत. काही तापवल्यावर ग्राफाइट होतात, काही ३,००० अंशांपर्यंत नेले तरी होत नाहीत, कारण त्यांच्यातले बारीक स्फटिक एकमेकांना आडवेतिडवे जखडून बसलेले असतात. करवंटीचा कोळसा दुसऱ्या कुळातला. लोखंडासारख्या धातूच्या साहाय्यानं कमी तापमानाला काही भाग ग्राफाइटी करता येतो, पण ते लोह पुढे कणभरही उरलं तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून पडदा कुरतडणारे मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील रेणूतुकडे, तयार करतं. म्हणून मी काकांना सांगितलं, फ्युएल सेलसाठी आज हा कोळसा देऊ नका. हाच न जुळणारा, कठीण कार्बन सोडियम-आयन बॅटरीच्या ऋण ध्रुवाला हवा असतो. करवंट्यांच्या ढिगाला खरी वाट तिकडे आहे, आणि त्या दिशेनं कोकणातल्या महाविद्यालयांत काम व्हावं असं मला फार वाटतं.

काय बदललं

नवा स्टॅक ग्राफाइटी आधार-कार्बनचा घेतला. पण नुसता कार्बन बदलून भागणार नव्हतं. पहिला बदल नियंत्रकात केला. वीज गेली की आधी बॅटरी भार घेते, आणि खंड लांबला तरच फ्युएल सेल सुरू होतो. एकदा सुरू झाला की वीज परतली तरी लगेच बंद होत नाही, ती काही काळ टिकते का हे पाहतो. एवढ्यानंच बहुतेक सुरू-बंद संपले. बंद करताना आता हवा आधी तोडली जाते आणि स्टॅकवर एक रोधक जोडून आतला ऑक्सिजन संपवला जातो, म्हणजे धन बाजूला मुख्यतः नायट्रोजन उरतो. मग दोन्ही बाजूंच्या झडपा मिटतात. सुरू करताना हायड्रोजन जोरात सोडतात, म्हणजे हवेला ढकलणारी सीमा झटकन पार होते, आणि तेवढा वेळ तोच रोधक जोडलेला राहतो, त्यामुळे विभव चढत नाही. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या सगळ्या पट्ट्यात पेट घेतो. म्हणून झडपांमागचा वायू केबिनमध्ये न सोडता वर मोकळ्यावर नेला.

पुढचा पावसाळा संपल्यावर तोच मापक, तोच सोडा-लाइमचा डबा घेऊन तपासलं. सुरू होतानाची उसळी मोठ्या मानानं खाली आली होती आणि स्टॅक पूर्ण भार घेत होता. पुरवठादारानं नंतर मान्य केलं की सुरू-बंदची मर्यादा करारात लिहायला हवी होती. आता ती लिहिलेली आहे, आणि आधार-कार्बनाचा प्रकारही.

एक गोष्ट अजून सतावते. हा सगळा बंदोबस्त हवेच्या निकासावरची झडप घट्ट मिटण्यावर अवलंबून आहे, आणि तिच्या बैठकीवर मीठ साचतं. ती गळू लागली की स्टॅकमध्ये हवा भरते आणि प्रत्येक सुरुवात पुन्हा पहिल्यासारखी होते. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पोलादाची झडप बसवली आहे, आणि मृगाआधी स्टॅकमध्ये हायड्रोजनचा दाब कोंडून तो किती वेळ टिकतो, हे पाहायचं काम त्या तंत्रज्ञाकडे दिलं आहे.